अबोलीची साक्ष

शर्वरी गवस दर रविवारी अबोलीला भेटायला येते ती मायेपोटी, असं केंद्रातल्या सगळ्यांनाच वाटत होतं.

दोडामार्गच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी रबराचा एक जुना मळा होता. त्या मळ्यात कपींचं, म्हणजे बिनशेपटीच्या वानरांचं, पुनर्वसन केंद्र उभं राहिलं त्याला आता दहा-बारा वर्षं झाली होती. विमानतळावर सामानात सापडलेली गिबनची पिल्लं, सर्कशीतून सोडवलेले चिंपांझी, कुणाच्या तरी बंगल्यात साखळीला बांधलेले ओरांगउटान अशी सगळी मंडळी इथं यायची. झाडावर चढणं, फांद्या मोडून घरटं बांधणं आणि माणसाची सवय सोडणं एवढं शिकली, की त्यांना त्यांच्या मूळच्या जंगलात पाठवलं जाई.

अबोली ही ओरांगउटानची तरुण मादी. अंगावरचे केस अबोलीच्या फुलाच्या रंगाचे आणि तोंडातून आवाज जवळजवळ नाहीच, म्हणून कामगारांनी तिचं हे नाव ठेवलं होतं. ती इथं आली तेव्हा इतकी लहान होती की दुधाची बाटली दोन्ही हातांनी आणि एका पायानं धरायची.

ती ज्या दिवशी सापडली, त्याच दिवशी शर्वरीचा नवरा गेला.

उदय गवस वनपाल होता. त्या दुपारी त्यानं घाटातल्या तपासणी नाक्यावर केळ्यांचा एक टेम्पो अडवला. नाक्यावरचा दुसरा माणूस जेवायला गेला होता. केळ्यांच्या घडांमागे, ताडपत्रीखाली, लाकडी फळ्यांचं एक खोकं होतं आणि त्यात हे पिल्लू. टेम्पोवाल्यानं गाडी मागे घेण्याचा प्रयत्न केला, ती चरात रुतली. तेवढ्यात टेम्पोमागून येणाऱ्या उंच काळ्या गाडीनं उदयला चिरडलं आणि ती निघून गेली. टेम्पोवाला रानात पळाला. नंतर तो सापडला, पण त्यानं तोंड उघडलं नाही.

काळी गाडी जयवंत माणगावकरची होती, याबद्दल शर्वरीला तिळमात्र शंका नव्हती. गोव्याच्या हद्दीवर त्याचं मोठं रिसॉर्ट होतं आणि मागे उंच कुंपणाआडचं खासगी फार्म. सकाळी डबा घेताना उदय म्हणाला होता, "आज माणगावकरचा माल नाक्यावर येतोय. येऊ दे, बघतोच." पण मेलेल्या माणसाचं बायकोनं सांगितलेलं बोलणं कोर्टाला पुरलं नाही. माणगावकर त्या दिवशी कोल्हापुरात होता, असं सांगणारे चारजण उभे राहिले. पुराव्याअभावी त्याच्यावर आरोपच ठेवला गेला नाही.

शर्वरी स्वतः कोर्टात लघुलेखक होती. इतक्या वर्षांत कितीतरी साक्षी तिनं टिपून घेतल्या होत्या. साक्षीदार जरासा चाचरला, 'नक्की सांगता येत नाही' म्हणाला, की समोरचा माणूस कसा हसत बाहेर पडतो हे तिला पाठ होतं. माणगावकर मात्र हसला नाही. तो कोर्टाच्या जिन्यात तिच्यासमोर थांबला, हात जोडले आणि मऊ आवाजात म्हणाला, "वहिनी, देव तुम्हाला बळ देवो."

त्या जोडलेल्या हातांवर कोयता चालवावा, असं तिला त्यानंतर रोज वाटत आलं. भाजी चिरताना वाटायचं. कोर्टात कळांवर बोटं चालवताना वाटायचं.

मग स्मृतिवाचनाचा कायदा आला.

केंद्राच्या प्रमुख डॉक्टर रुबीना मुकादम मूळच्या रत्नागिरीच्या. मेंदूशास्त्रात त्यांचं नाव परदेशातही होतं. त्यांनी स्वतः शर्वरीला बोलावून घेतलं आणि समजावून सांगितलं.

"कपींची चेहऱ्यांची स्मरणशक्ती जबरदस्त असते," त्या म्हणाल्या. "वर्षानुवर्षं टिकते. एखादा प्रसंग आठवताना मेंदूत जवळजवळ तीच हालचाल पुन्हा होते, जी तो पाहताना झाली होती. आमची टोपी ती हालचाल टिपते. पण प्रत्येक मेंदूची लिपी वेगळी. म्हणून आधी काही महिने अबोलीला हजारो चित्रं दाखवायची. झाड पाहिलं की तिच्या मेंदूत काय उमटतं, हात पाहिला की काय, चेहरा पाहिला की काय, हे यंत्र शिकत जातं. लिपी एकदा कळली, की तिची आठवण आपण पडद्यावर वाचू शकतो."

"म्हणजे तिनं पाहिलेलं दिसेल? गाडीतला माणूस दिसेल?"

"धूसर दिसेल. पण दिसेल. आता कोर्ट असं वाचन पूरक पुरावा म्हणून मानतं. अट एकच. ती आठवण आधी कुणी चाळवलेली नसावी." मुकादमबाईंनी टेबलावरची छोटी गणपतीची मूर्ती उचलली. "आपल्याला वाटतं, आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो. तसं नसतं. ती शाडूच्या मूर्तीसारखी असते. आठवायला बाहेर काढली की ओली होते. त्या वेळी जो हात लागेल त्याची बोटं तिच्यावर उमटतात. मग ती पुन्हा सुकते, पण उमटलेल्या बोटांसकट. म्हणून पहिलंच वाचन खरं. आणि म्हणूनच संशयिताचा फोटो तिला चुकूनही दिसता कामा नये."

शर्वरीनं मान डोलावली. घरी जाताना बसमध्ये तिच्या डोक्यात एकच शब्द घुमत होता. धूसर. धूसर चेहऱ्याचं कोर्टात काय होतं, हे मुकादमबाईंना ठाऊक नव्हतं. तिला होतं.

पुढच्याच रविवारपासून ती केंद्रात स्वयंसेवक म्हणून जाऊ लागली. सकाळी फणस-पपई चिरायची, मग अबोलीच्या आवाराच्या काचेबाहेर बाकावर बसून अबोली काय करते याची निरीक्षणं वहीत लिहायची. दुपारी ती आणि मुकादमबाई एकमेकींच्या डब्यातलं खायच्या. मुकादमबाईंना तिची सोलकढी आवडायची. तिला त्यांच्या सांदणांची सवय लागली. मुकादमबाई एकट्याच राहत. "तुम्ही आलात की रविवार रविवारसारखा वाटतो," असं त्या एकदा म्हणाल्याही.

एका रविवारी चारा घेऊन आलेली गाडी कुंपणाबाहेर मागे घेतली जात होती. मागे घेताना वाजते ती धून वाजू लागली. फांदीवर निवांत बसलेली अबोली धाडकन खाली आली, कोपऱ्यात गेली आणि रिकामं पोतं डोक्यावर ओढून थरथरत बसली.

शर्वरी काचेजवळ उभी राहून बघत राहिली. टेम्पोसुद्धा अशीच धून वाजवत मागे सरला असणार. म्हणजे तो प्रसंग अजून तिच्या आत होता आणि एवढ्याशा सुरांनी वर येत होता.

तिनं ती धून मोबाइलमध्ये उतरवून घेतली.

कॅमेरे आवाराच्या आत होते. बाकाकडे एकही रोखलेला नव्हता. खाणं सरकवायच्या फटीशी मोबाइल धरून ती हलकेच धून वाजवायची. अबोली पोतं ओढायची. मग शर्वरी माणगावकरचा फोटो पडद्यावर आणून काचेला लावायची आणि कुजबुजायची, "बघ. हा. हाच. नीट बघ."

पहिल्या वेळी अबोलीनं पोत्याच्या भोकातून पाहिलं, डोळे मिटले, पुन्हा उघडले. शर्वरीला स्वतःची शिसारी आली. पण जिन्यात जोडलेले ते हात आठवले आणि तिनं मोबाइल काचेवरून हलवला नाही.

पावसाळा गेला, थंडी आली, ती थांबली नाही. कोर्टातली कामं, घरातली भांडी, दिराचे "वहिनी, आता सोडा तो विषय" असे फोन, या सगळ्यातून रविवार तेवढा तिला आपला वाटायचा. दिराचे फोन तिनं घेणंच बंद केलं. माणगावकर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे आणि पडद्यावर त्याचाच चेहरा उमटतोय, हे चित्र ती इतक्यांदा डोळ्यांसमोर आणायची की तिला ते घडून गेल्यासारखं वाटू लागलं होतं.

इकडे अबोलीची प्रगती खुंटली. ती घरटं बांधेनाशी झाली. मुकादमबाई जेवताना म्हणाल्या, "काय झालंय हिला कळत नाही. रविवारनंतर दोन-दोन दिवस खाली उतरत नाही. तुम्हाला काही दिसतं का?"

"नाही बाई," शर्वरी म्हणाली आणि त्यांच्या पानात आणखी एक सांदण वाढलं.

वाचनाचा दिवस ठरला. सकाळीच निरीक्षक कासार दोन पंचांना घेऊन आले. मृताची नातलग म्हणून शर्वरीला खोलीत बसू दिलं. अबोलीच्या डोक्यावर जाळीची मऊ टोपी होती आणि ती फणसाचे गरे खात बसली होती. मुकादमबाईंनी त्या जुन्या खोक्याची एक फळी तिच्यापुढे ठेवली. अबोलीनं ती हुंगली. तिचा हात थांबला.

पडद्यावर धुक्याच्या काचेतून पाहावं तसं काहीतरी हलू लागलं.

आधी एक घर दिसलं. पांढऱ्या फरशा, निळं पाणी, पाण्याकाठी पिंजऱ्यांची ओळ, प्रत्येकात कुणीतरी. मग अंधार आणि फळ्यांच्या फटींतून येणाऱ्या उजेडाच्या रेघा. मग एकदम उजेड झाला आणि एक चेहरा खाली वाकला.

तो उदय होता.

शर्वरीच्या घशातून आवाज फुटला. कपाळावरचा घाम, टोपीमुळे चपटे झालेले केस, सगळं होतं. यंत्राला आवाज वाचता येत नव्हता, पण उदयनं ओठांचा चंबू केलेला दिसत होता. गोठ्यात नवं वासरू आलं की तो तस्साच चुचकारायचा. त्याचं एक बोट फळीच्या फटीतून आत आलं आणि एका चिमुकल्या काळ्या हातानं ते धरलं.

मग तो वळला. काळी गाडी आली. बोट सुटलं.

गाडी टेम्पोशेजारी क्षणभर थांबली. काच खाली होती. चालवणाऱ्याचा चेहरा खोक्याकडे वळला आणि तो चेहरा पडद्यावरच्या इतर कशाहीपेक्षा लख्ख होता. शर्वरी खुर्चीच्या टोकाशी आली. तोंडात आधीच जिंकल्याची चव आली होती.

गाडीच्या स्टीअरिंगमागे एक बाई बसली होती. चष्मा, कपाळावर विरळ झालेले केस, खालून मोबाइलचा निळसर उजेड. ओठ हलत होते. बघ. हा. हाच.

तो चेहरा शर्वरीचा होता.

निरीक्षक कासारांनी पडद्याकडे पाहिलं, मग सावकाश मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आत अबोली फळी टाकून कोपऱ्यात गेली होती आणि पोतं शोधत होती.

पंच आणि निरीक्षक बाहेर गेल्यावर मुकादमबाईंनी दार लावलं. त्यांचा आवाज चढला नाही, पण इतके दिवसांचं 'तुम्ही' गळून पडलं होतं.

"काय केलंस तू?"

शर्वरीनं सांगितलं. धून, फोटो, सगळं.

"फोटो!" मुकादमबाई म्हणाल्या. "तळहाताएवढ्या काचेवरचं चपटं चित्र. त्यानं तिला कधी काय केलं? पण ती आठवण दर वेळी ओली होत होती तेव्हा समोर जिवंत कोण होतं? तिच्या डोळ्यांत रोखून कोण बघत होतं? तिनं तुलाच तिथं बसवलं."

"मग त्याचा चेहरा? तो खाली असेल ना कुठंतरी?"

"होता." मुकादमबाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. "चेहऱ्याची जागा रिकामी असती तर तुझा इतका लख्ख बसलाच नसता. तिनं चालवणाऱ्याला पाहिलं होतं, शर्वरी. नीट पाहिलं होतं. आज तो आपल्याला दिसला असता. आता तो कधीच दिसणार नाही. तिलाही नाही."

शर्वरी भिंतीला टेकून खाली बसली. रडू आलं नाही. आला तो संताप, पण आता त्याला जायला वाट नव्हती. आतल्या आत गरगरत राहिला.

मग तिनं मान वर करून विचारलं, "आधीचं ते घर. ते त्याचंच फार्म असणार. निळं पाणी. पिंजरे. तेही गेलं?"

मुकादमबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "ते तू कधी चाळवलं नाहीस. तुझ्या धुनीनं फक्त नाक्यावरचं वर यायचं. फळीच्या वासानं तिला त्याच्याही मागे नेलं. ते पहिलंच वाचन आहे आणि ते शुद्ध आहे. पण त्याचा उपयोग नाही. एका नोंदीत एवढी भेसळ सापडली की कोर्ट सगळीच नोंद फेकून देतं."

"आणि कुठवर भेसळ झाली, कशी झाली, हे भेसळ करणाऱ्यानंच सांगितलं तर?"

"तर तेवढा भाग वेगळा काढता येईल. तेवढ्यावर झडतीचं वॉरंट मिळेल." मुकादमबाई थांबल्या. "पण मग उदयच्या खुनाचं प्रकरण तू स्वतःच्या हातांनी बंद केलंस असं होईल. पुरावा बिघडवल्याचा गुन्हा तुझ्यावर लागेल. नोकरी जाईल. तू गप्प बसलीस तर निदान 'यंत्रात बिघाड' म्हणून फाइल उघडी राहील."

"नोंद त्याच्या वकिलाला कधी मिळते?"

"उद्या कोर्टात गेली की."

म्हणजे उद्या माणगावकरला कळणार. परवापर्यंत पिंजरे रिकामे होऊन फरशा धुतल्या जाणार. शर्वरीनं त्या पिंजऱ्यांतल्या जनावरांचा विचार केला का? नंतर तिनं तो बराच केला. पण त्या घडीला तिला फक्त माणगावकर दिसत होता. तो पुन्हा एकदा जिना उतरून जाणार होता, पुन्हा हात जोडणार होता. उदयसाठी नाही तर नाही. पण कशासाठी तरी तो अडकला पाहिजे. कुठल्या तरी दाराला बाहेरून कडी लागून तो आत राहिला पाहिजे.

ती उठली. "कासारसाहेबांना आत बोलवा."

"पस्तावून करतेयस?" मुकादमबाईंनी विचारलं.

"नाही," शर्वरी म्हणाली.

तिनं जबाब दिला. आयुष्यात पहिल्यांदाच ती बोलत होती आणि दुसरं कुणीतरी टिपून घेत होतं. ती वाक्यं तोडून, सावकाश सांगत गेली, म्हणजे कासारांच्या हवालदाराचा एकही शब्द सुटू नये. मग खाली सही केली.

त्याच दिवशी, ऊन उतरायच्या आत, पोलीस आणि वनखात्याच्या गाड्या माणगावकरच्या फार्मवर पोचल्या. पांढऱ्या फरशा होत्या, निळं पाणी होतं. पिंजऱ्यांत चिंपांझी होते, गिबन होते, एका कोपऱ्यात दात काढलेला एक म्हातारा ओरांगउटान होता. माणगावकर तेव्हा पाहुण्यांबरोबर तलावाकाठी चहा घेत होता. त्यानं कुणाला फोन लावण्याआधीच हवालदारानं त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला.

खटला लवकर संपला. इतके जिवंत पुरावे समोर असताना कोल्हापुरात होतो म्हणून भागणार नव्हतं. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. शर्वरीची नोकरी गेली आणि तिला थोडी कैद झाली. ती तिनं निमूटपणे भोगली.

माणगावकरच्या निकालाच्या दिवशी ती कोर्टात होती. माणगावकरला नेताना तो तिच्यापाशी थांबला. हातांत बेड्या होत्या, त्यामुळे हात आपोआपच जोडल्यासारखे दिसत होते. आवाज मात्र तसाच मऊ होता. "वहिनी, माकडांपायी मी आत चाललोय. तुमच्या यजमानांचं तेवढं राहूनच गेलं."

"माकडं नव्हेत ती," शर्वरी म्हणाली. "चला, पुढे व्हा. पोलीस खोळंबलेत."

शिपायानं त्याला दंडाला धरून पुढे ढकललं. त्यानं धक्का खाल्ला, एक पायरी चुकली, भिंतीचा आधार घेतला. तिनं ते शेवटच्या पायरीपर्यंत डोळे भरून पाहिलं. बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, खूप बरं वाटलं. पण ते बरं वाटणं एस. टी. स्टँडपर्यंतही टिकलं नाही.

वर्षभरानं मुकादमबाईंचा फोन आला. मधल्या काळात दोघी एकदाही बोलल्या नव्हत्या.

"अबोलीला बोर्निओला पाठवतोय," त्या म्हणाल्या. "पुन्हा घरटं बांधायला लागलीय. तुझं येणं बंद झाल्यावर दोन महिन्यांत लागली. तुला कळवावंसं वाटलं."

"येऊ मी?"

"ये. पण तिला दिसायचं नाही."

शर्वरी गेली. पिंजरा ट्रकवर चढवत होते, तेव्हा ती चाऱ्याच्या गोदामाआड उभी राहिली. ट्रकची मागे घेताना वाजणारी धून मुकादमबाईंनी आधीच काढून टाकायला लावली होती. मुकादमबाई तिच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"किती जगतात या?" शर्वरीनं विचारलं.

"जंगलात? पन्नास वर्षंसुद्धा."

"आणि विसरत नाहीत."

"चेहरे नाही विसरत."

शर्वरीनं पदरानं चष्मा पुसला. मारणाऱ्याचे आणि टेम्पोवाल्याचे सोडले, तर उदयचा शेवटचा श्वास पाहिलेले डोळे जगात दोनच उरले होते. त्या डोळ्यांपुरता त्याला मारणारा जयवंत माणगावकर नव्हता, त्याची बायको होती. आणि ते सोबत घेऊन ही पोर समुद्रापार कुठल्यातरी झाडाच्या शेंड्यावर पन्नास वर्षं झोपणार होती.

ट्रक हलला. पिंजऱ्याच्या गजांतून केसाळ, अबोलीच्या फुलांच्या रंगाचा एक लांब हात बाहेर आला आणि वरून जाणाऱ्या रबराच्या फांदीचं पान तोडून आत घेऊन गेला.

"थोडी मागे हो," मुकादमबाई हळूच म्हणाल्या. "वळणावर गोदामाची ही बाजू दिसते."

शर्वरी मागे झाली. मग आणखी मागे, थेट गोदामाच्या आत, चाऱ्याच्या गंजीपर्यंत गेली आणि ट्रकचा आवाज पुरता विरेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.